भरलेली बॅटरी जड असते का?



मागच्या महिन्यात मालेगाव तालुक्यातल्या एका गावात गटाच्या बैठकीला गेले होते. हजेरी झाली, बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले. मी वही मिटणार तेवढ्यात सचिवताई म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू का? लाईटचं वजन असते का हो?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण ताई हसत नव्हत्या.

झालं असं होतं. या गटाकडे शिवणकामाचं काम आहे. मोटरवर चालणाऱ्या दोन मशीन आहेत. लाईट गेली की काम थांबतं, आणि आपल्याकडे लाईट कधी जाईल ते कोणाला सांगता येतं? म्हणून गटाने अंतर्गत कर्जातून पैसे काढून इन्व्हर्टर घेतला आणि त्याला जोडायला एका दुकानातून जुनी, वापरलेली बॅटरी घेतली. नवी परवडत नव्हती. बॅटरी चांगली आहे हे कशावरून, असं ताईंनी विचारलंही होतं. "त्यानं तं उचलून पाहाले लावली. म्हणे, पाहा कशी जड हाये, फुल भरेल हाये. रिकामी असती तं हलकी लागली असती." दोघींनी मिळून उचलली, खरंच जड होती. पैसे दिले. घरी आणून जोडली, तर अर्ध्या तासात मशीन बंद.

मला तिथे लगेच उत्तर देता आलं नाही. मी एमएसडब्ल्यू केलंय, विज्ञान दहावीनंतर सुटलं. "जड होत नसावी" असं काहीतरी पुटपुटले आणि पुढच्या बैठकीत नक्की सांगते म्हणून निघाले. मग आमच्या ओळखीच्या एका हायस्कूलच्या विज्ञानाच्या सरांकडे दोन वेळा जाऊन बसले, थोडं वाचलं, थोडं स्वतः करून पाहिलं. जे कळलं ते तुम्हा सगळ्यांसाठी लिहिते आहे. कारण बॅटरी आता फक्त इन्व्हर्टरची राहिली नाही. फवारणीच्या पंपाला बॅटरी आहे, मोबाईलला आहे, झटका मशीनला आहे.

आधी मी काय करून पाहिलं ते सांगते. माझा मोबाईल सकाळी चार टक्क्यांवर आला होता. ओळखीच्या सोनारकाकांच्या काट्यावर तो ठेवला. सोन्याचा काटा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. आकडा लिहून घेतला. दिवसभर चार्ज करून शंभर टक्के झाल्यावर संध्याकाळी पुन्हा तोच मोबाईल, तोच काटा. आकडा तोच. एकदा शेवटचा अंक जरासा हलला, पण काका म्हणाले पंखा चालू असला की एवढं हलतंच. पंखा बंद केला, मग अंक जागेवर आला. तुम्हीही करून पाहा, फक्त मोबाईलचं कव्हर दोन्ही वेळा असू द्या नाहीतर दोन्ही वेळा काढा.

मग एवढी लाईट आत गेली ती कुठे गेली?

इथेच आपली गफलत होते. "लाईट आली", "लाईट गेली", "बॅटरी भरली" असं आपण म्हणतो. त्यामुळे असं वाटतं की वीज म्हणजे पाण्यासारखी काहीतरी वस्तू आहे, तारेतून येते आणि बॅटरीत साठते. घागर भरली की जड होते, तशी बॅटरीही होत असेल. पण वीज तशी येत नाही.

तारेच्या धातूमध्ये इलेक्ट्रॉन नावाचे अतिशय बारीक कण असतात. ते आधीपासूनच त्या तारेत असतात, लाईट नसली तरी असतात. लाईट येते म्हणजे ते कण हलायला लागतात. आपल्या घरातल्या लाईटमध्ये तर ते पुढे वाहतही नाहीत, जागच्या जागी मागेपुढे होतात. सेकंदाला पन्नास वेळा पुढे आणि पन्नास वेळा मागे. सरांनी हे सांगितलं तेव्हा मला आजीची रवी आठवली. ताक घुसळताना दोरीचं एक टोक ओढायचं, मग दुसरं. दोरी एकदा इकडे, एकदा तिकडे. ताक होतं, लोणी निघतं, पण दोरी काही डेऱ्यात पडत नाही. संध्याकाळी दोरी सकाळी होती तेवढीच असते. आजीच्या हातातली ताकद दोरीवरून रवीला पोचली, एवढंच. तारेतल्या कणांचं तसंच आहे. काम पोचवतात आणि जिथल्या तिथे राहतात.

बॅटरीतली वीज मात्र एकाच दिशेने जाते, तिच्यासाठी गिरणीचा पट्टा आठवा. मोटरकडून चक्कीकडे जातो आणि फिरून परत मोटरकडे येतो. जेवढा पट्टा गेला तेवढाच परत आला. चार्जिंगला लावल्यावर बॅटरीच्या एका टोकातून जेवढे इलेक्ट्रॉन आत जातात, तेवढेच दुसऱ्या टोकातून बाहेर पडतात. जमा काही होत नाही. वजन वाढायचं कशाने?

आता तुमच्यातली एखादी हुशार ताई विचारेल, की त्या इलेक्ट्रॉनला तरी वजन आहे ना? आहे. 1897 साली जे. जे. थॉमसन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने या कणाचा शोध लावला, आणि पुढे त्याचं वजनही काढलं गेलं. एक ग्रॅम भरायला किती इलेक्ट्रॉन लागतील? एकावर सत्तावीस शून्यं दिली तर जो आकडा येईल, त्याच्याहूनही थोडे जास्त. आणि ते वाढतच नसल्यामुळे आपल्या बॅटरीला त्याचा काही उपयोगही नाही.

मग बॅटरी भरते म्हणजे काय होतं? हे सांगताना त्या दुकानदाराच्या बोलण्यात कुठेतरी अर्धा दाणा खरा होता, हेही सांगावं लागेल.

इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीत सहा खण असतात. प्रत्येक खणात शिशाच्या प्लेटा आणि पाणी मिसळलेलं अ‍ॅसिड. बॅटरी वापरली जाते तेव्हा अ‍ॅसिडमधला काही भाग निघून प्लेटांना चिकटतो आणि मागे राहिलेलं अ‍ॅसिड पाणचट होतं. चार्ज केली की प्लेटांना चिकटलेला भाग सुटून परत अ‍ॅसिडमध्ये येतो, अ‍ॅसिड पुन्हा दाट होतं. म्हणजे भरलेल्या बॅटरीतलं अ‍ॅसिड खरोखरच जड असतं! एक लिटर काढून तोललं तर फरक दिसेल. पण तेवढ्याच प्लेटा हलक्या झालेल्या असतात. घरातले दागिने कपाटातून काढून डब्यात ठेवले तर डबा जड होतो, घर जड होत नाही. बॅटरी अख्खी उचलली तर वजन तेच.

उलट गंमत अशी आहे की चार्जिंगच्या वेळी, विशेषतः भरून झाल्यावरही चार्जिंग चालूच राहिलं की, आतल्या पाण्याचा थोडा वायू होऊन उडून जातो. म्हणूनच आपल्याला अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं. म्हणजे अशी बॅटरी चार्ज करता करता जड होत नाही, झाली तर हलकीच होते.

त्या ताईंनी बॅटरी उचलली तेव्हा जे वजन हाताला लागलं, ते शिशाचं. इन्व्हर्टरची दीडशे अ‍ॅम्पिअर-अवरची बॅटरी पन्नास-साठ किलोच्या आसपास भरते, आणि त्यात निम्म्याहून जास्त शिसंच असतं. मेलेल्या बॅटरीतही ते तेवढंच असतं. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. ही बॅटरी बारा व्होल्टची. बारा गुणिले दीडशे म्हणजे अठराशे वॉट-अवर, म्हणजे पावणेदोन-दोन युनिट. बस. दोघींनी मिळून उचलावं लागणाऱ्या त्या धुडात दोन युनिटसुद्धा वीज मावत नाही. हे गणित मी स्वतः दोनदा करून पाहिलं, कारण विश्वास बसेना.

"युनिट" म्हणजे किती, हे बैठकीत विचारलं तर बिलावर बोट ठेवून दाखवतात, पण सांगता येत नाही. हजार वॉटची इस्त्री सलग एक तास चालली की एक युनिट. शंभर वॉटची शिलाई मोटर दहा तास चालली की एक युनिट. नऊ वॉटचा बल्ब असेल तर एकशे अकरा तास. युनिट हे वजनाचं माप नाही, लिटरसारखंही नाही. ते कामाचं माप आहे. मजुरी जशी तासावर मोजतो, तसंच म्हणा.

पण विजेचं बिल खरोखर वजनावर काढायचे, असाही एक काळ होता. मला हे वाचून फार मजा वाटली. अमेरिकेत थॉमस एडिसनने 4 सप्टेंबर 1882 रोजी न्यूयॉर्क शहरात घरांना आणि दुकानांना वीज द्यायला सुरुवात केली. वीज दिली, पण किती वापरली हे मोजायचं कसं? आजच्यासारखे मीटर तेव्हा नव्हते. त्याने काय केलं, गिऱ्हाइकाकडे एक बरणी बसवली. बरणीत जस्ताचं पाणी आणि त्यात जस्ताच्या पट्ट्या. विजेचा एक छोटा हिस्सा त्या बरणीतून जायचा. वीज जाईल तसतसं एका पट्टीवरचं जस्त सुटून दुसरीवर चढायचं. महिना झाला की कंपनीचा माणूस पट्ट्या काढून न्यायचा, काट्यावर तोलायचा आणि वजनात जो फरक येईल त्यावरून बिल.

सोनाराकडे पैंजणांवर चांदीचा मुलामा चढवतात, किंवा एक ग्रॅमचे म्हणून जे दागिने मिळतात त्यांच्यावर सोन्याचा थर देतात, तीही हीच युक्ती आहे. एक अ‍ॅम्पिअर वीज एक तास सोडली तर साधारण चार ग्रॅम चांदी चढते. ना कमी, ना जास्त. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने 1830 च्या दशकात हा नियम शोधून काढला. हे इतकं पक्कं गणित आहे की एके काळी अ‍ॅम्पिअरचं मापच चांदीच्या वजनावरून ठरवलेलं होतं. अर्थात काट्यावर जे चढलं ते चांदीचं वजन, विजेचं नाही. वीज नुसती हमालासारखी, एका ठिकाणचं उचलून दुसरीकडे ठेवते.

एडिसनच्या बरणीत एक मोठी खोट होती. गिऱ्हाइकाला स्वतः काही वाचता येत नव्हतं. कंपनी तोलेल आणि कंपनी सांगेल ते खरं. आज आपल्या भिंतीवर आकडे दाखवणारा मीटर आहे, आणि तरी आपल्यापैकी किती जणी महिन्याच्या एक तारखेला तो आकडा लिहून ठेवतात? मी बैठकीत विचारलं तेव्हा बारापैकी एकीने हात वर केला. (आणि मी? मीही नव्हते ठेवत. आता ठेवते.)

तर मग विजेला वजन अजिबातच नाही का? सर म्हणाले, "अजिबात नाही असं म्हणू नका हं, आइन्स्टाइन रागावेल." आइन्स्टाइनने 1905 साली असं दाखवलं की ऊर्जा आणि वस्तुमान ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत. म्हणजे भरलेल्या बॅटरीत ऊर्जा जास्त, तर तिचं वजनही जास्तच. पण किती? हिशेब केला तर एक ग्रॅम वजन म्हणजे अडीच कोटी युनिट. आपलं अडीचशे घरांचं एखादं गाव धरा. प्रत्येक घराला महिन्याला ऐंशी युनिट लागतात असं समजा. तर त्या अख्ख्या गावाने शंभर वर्षांहून जास्त काळ वापरलेल्या सगळ्या विजेचं वजन एक ग्रॅम भरेल. त्या ताईंच्या बॅटरीत मावणाऱ्या विजेचं वजन तर मिठाच्या एका बारीक कणाचे आठशे-हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढं. साठ किलोच्या बॅटरीत तेवढा फरक दाखवणारा काटा नाही. मग हाताने उचलून सांगणारा दुकानदार कुठला आला?

ही झाली विजेची गोष्ट. पण वीज तयार करायला जे लागतं, त्याचं वजन मात्र चांगलंच भरतं. अकोल्याहून शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला रेल्वेने जाताना मध्ये पारस स्टेशन लागतं. तिथे महानिर्मितीचं औष्णिक वीज केंद्र आहे, 250 मेगावॉटचे दोन संच. कोळसा जाळून पाण्याची वाफ, वाफेवर चाक फिरतं, त्यातून वीज. कोळशाच्या प्रतीवर अवलंबून आहे, पण अशा केंद्रात एका युनिटला साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. एक संच पूर्ण ताकदीने एक तास चालला तर अडीच लाख युनिट, म्हणजे दीडशे टन किंवा त्याहून जास्त कोळसा, एका तासाला. आपल्या घरात येणारी वीज पारसचीच असते असं नाही. कोळशाची, पाण्याची, उन्हाची अशी सगळ्या ठिकाणची वीज तारांच्या जाळ्यात एकत्र होते. पण महाराष्ट्रात कोळशाचा वाटा अजून मोठा आहे. महिन्याला ऐंशी युनिट वापरणाऱ्या घरासाठी ती सगळी कोळशाची धरली, तर कुठेतरी पन्नास किलो कोळसा जळतो. सोयाबीनचा एक कट्टा समजा. आपल्या घरी तो कट्टा दिसत नाही, नुसता बल्ब दिसतो.

आता कामाचं. जुनी बॅटरी घ्यायचीच असेल तर उचलून नाही, मग कशी पाहायची?

अ‍ॅसिड दाट की पाणचट, हे पाहायला एक साधी काचेची नळी मिळते, तिला हायड्रोमीटर म्हणतात. बॅटरीच्या दुकानात मिळते, फार महाग नाही. खणातलं थोडं पाणी वर ओढलं की आतला तरंगणारा दांडा आकडा दाखवतो. भरलेल्या इन्व्हर्टर बॅटरीत तो 1240-1250 च्या आसपास असतो, 1150 च्या खाली गेला तर बॅटरी रिकामी समजा. सहाही खण तपासायचे. पाच खण सारखे आणि एकच खण खूप खाली, असं दिसलं तर तो खण गेलेला आहे, आणि एक खण गेला की बॅटरी गेली. हे बघताना हातात रबरी हातमोजे घाला, अंगावर चांगली साडी नको, अ‍ॅसिडचा थेंब पडला की भोक पडतं. जवळ चूल, दिवा, काडी काही नको, कारण चार्जिंगच्या वेळी निघणारा वायू पेट घेतो.

दुकानदाराकडे मीटर असतोच, त्याला व्होल्ट दाखवायला सांगा. काही तास न वापरलेली भरलेली बॅटरी 12.6-12.7 दाखवते. पण नुसत्या व्होल्टवर जाऊ नका. थकलेली बॅटरीही चार्जरवरून काढल्या काढल्या छान आकडा दाखवते. खरी परीक्षा कामाची. शंभर वॉटचं काहीतरी जोडा आणि घड्याळ लावा. दीडशेची चांगली बॅटरी दहा तास तरी सहज चालायला हवी. दुकानात दहा तास बसता येत नाही हे खरं, पण एक तास चालवून व्होल्ट किती उतरले ते पाहता येतं. आणि "दोन दिवस घरी चालवून बघू, नाही चालली तर परत" असं बिलावर लिहून घेता येतं. लिहून द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नका. बॅटरीवर बनवल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, तेही बघा.

आणि बॅटरी अगदीच मेली, तर मग तिच्या वजनाला किंमत आहे, कारण आत शिसं आहे. नवी घेताना जुनीचे पैसे वजा करून घ्या. भंगारवाल्याकडे देण्यापेक्षा बॅटरीच्या दुकानातच द्या. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची नीट विल्हेवाट लावायची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर टाकलेली आहे. घरी फोडायची नाही, अ‍ॅसिड नालीत किंवा वावरात ओतायचं नाही. शिसं लहान लेकरांच्या मेंदूला फार वाईट.

त्या गटाचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारालच. आम्ही हायड्रोमीटर घेऊन सहाही खण तपासले. चार नंबरच्या खणाने 1100 सुद्धा दाखवलं नाही. सचिवताईंनी सहाही आकडे वहीत लिहिले, तारीख टाकली, आणि अध्यक्षताईंना घेऊन दुकानात गेल्या. मी सोबत गेले नाही, त्यांनीच नको म्हटलं. दुकानदार आधी म्हणाला बायांना यातलं काय कळतं, मग वही पाहिली. बॅटरी परत घेतली, पैसे मात्र पूर्ण दिले नाहीत. अठराशे रुपयांचा फटका बसला, तो गटाने नुकसान म्हणून वहीत लिहून सगळ्यांत वाटून घेतला. नवी बॅटरी ग्रामसंघाच्या कर्जातून घ्यायचं ठरलं आहे, पुढच्या बैठकीत ठराव येईल.

हायड्रोमीटर सध्या त्यांच्याकडेच आहे. कोणत्या गटाला लागला तर आपल्या ग्रामसंघाच्या लेखापालताईंना सांगा, मी पुढच्या फेरीत घेऊन येईन. हातमोजे तुमचे तुम्ही आणा.